झोपेतलं माप

आमच्या हिच्या मामांच्या मते जागा माणूस हा मुळातच खोटा माणूस. तो खरं बोलतो की थापा मारतो, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. त्यांची तक्रार वेगळी आहे. कुणी आपल्याकडे बघतंय असा नुसता संशय आला तरी जागा माणूस पोट आत ओढतो, छाती पुढं काढतो, मान ताठ करतो, आणि अशा माणसाचं माप घेऊन शिवलेला शर्ट त्याला फक्त फोटो काढण्यापुरता होतो. खरा माणूस दुपारी भाकरी खाऊन आडवा झाला, हातपाय सोडून दिले, तोंड थोडं उघडं पडलं, की मग बाहेर येतो. मामा माप घेतात ते त्या माणसाचं. मी सोलापुरात पुष्कळ शिंपी पाहिले आहेत. नुसत्या नजरेनं माप घेणारे पाहिले, दिवाळीला कबूल करून होळीला देणारेही पाहिले, पण समोरचा घोरायला लागल्याशिवाय मापाला हात न लावणारा माणूस मला आजवर एकच भेटलाय, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीत निघाला.

तसे मामा शिंपी नव्हेतच. जन्मभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात, प्लॉटचे व्यवहार करतात, सकाळी बागेत जाऊन गोल उभे राहून मोठमोठ्यानं हसतात. मामांनी मामींचं शिवणाचं मशीन काढलं. ते मशीन मामींना लग्नात माहेराहून, म्हणजे वैरागहून मिळालेलं. लग्नाआधी मामी तिथं शिवणाच्या क्लासला जायच्या आणि त्यांचा हात असा होता, की उलट्या बाजूची शिवण बघायला बायका शेजारच्या गल्लीतून यायच्या, असं माझ्या सासूबाई अजून सांगतात. पण संसार सुरू झाला आणि मशीनवर आधी दळणाचे डबे आले, मग मुलांची दप्तरं आली, मग रद्दी आली, आणि मशीन त्याखाली गेलं ते गेलंच. मामांनी एका उन्हाळ्यात रद्दी उतरवली, मशीनला तेल पाजलं आणि स्टूल ओढून समोर बसले. मामी पदराला हात पुशीत दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आता म्हातारपणी मशीन शिकालाव व्हय? बोट शिवून घेचाल." पहिल्याच आठवड्यात मामांनी बोट शिवून घेतलं. मामींनी हळद लावली, चिंधी बांधली आणि बोलल्या काहीच नाहीत, पण त्या न बोलण्याचाच मामांना जास्त त्रास झाला असं ते म्हणतात.

मामा शिवतात ती वस्तू एकच. सुती कापडाचा अर्ध्या बाह्यांचा ढगळ शर्ट आणि त्याच कापडाची गुडघ्याच्या वर थांबणारी ऐसपैस हाफ पँट. याला ते 'जोड' म्हणतात. मामी 'चड्डी-शर्ट' म्हणतात, आणि तो शब्द कानावर आला की मामांची शिवण हमखास वाकडी जाते. माझ्या मुलीनं एकदा मोबाइलवर असेच जोड दाखवले आणि सांगितलं, की याला हल्ली को-ऑर्ड सेट म्हणतात आणि पुण्यामुंबईकडं पोरं ते घालून बाहेर फिरतात. मामांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीन बराच वेळ न्याहाळला. "शिवलाय बरा," ते म्हणाले, "पण वाऱ्याचा विचार केलेला नाही." वाऱ्याचा विचार ही मामांच्या शिवणाची किल्ली आहे. भूगोल त्यांनी शाळेत ठेवून यायचा तो मशीनवर आणून बसवला. हाफ पँटच्या दोन पायांतून गार हवा आत शिरते, अंगाला लागून ती तापते, हलकी होते, वर चढते आणि कॉलरमधून बाहेर पडते. म्हणून कॉलर मोकळी हवी, काखा खोल हव्यात, शर्ट हाफ पँटच्या नेफ्यावर नुसता टेकलेला हवा. "हे बघा जावईबापू," ते मला दर उन्हाळ्यात नव्यानं सांगतात, "शर्ट आणि हाफ पँट या दोन वस्तू नव्हेतच की. एकच हवामान आहे ते. लोक वरती टेरीकॉटचा शर्ट घालतात, खाली जीन घालतात, आणि उकडतंय म्हणून सोलापूरला शिव्या देतात. सोलापूर काय करणार?" पाठीच्या भागाला ते पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. तिथं घाम पडता कामा नये. पडलाच तर शिवणाऱ्याची चूक.

माझं पहिलं माप त्यांनी घेतलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात. मला एकच गोष्ट मनापासून येते आणि ती म्हणजे दुपारची झोप. नव्या जावयानं सासरकडच्यांसमोर लगेच हा गुण दाखवू नये असं मला आईनं बजावून पाठवलं होतं, पण मामींच्या हातची शेंगाचटणी, कडक भाकरी आणि वरनं ताक, यापुढं आईचं काही चाललं नाही. बाहेर ऊन असं पडलेलं, की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. खिडकीला ओला पंचा लावलेला. कूलर घुमत होता. मी हॉलमधल्या सतरंजीवर जो पडलो तो कधी तरी जागा झालो, आणि पाहतो तर सासऱ्यांच्या वयाचा एक गृहस्थ माझ्या पोटावर वाकून, दातात एक पांढरी नाडी धरून, माझ्या पाठीखाली लाकडी फूटपट्टी सरकवतोय. मी ओरडणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पुटपुटले, "जागे होऊ नका. पोट राहिलंय." मी आज्ञाधारकपणे डोळे मिटले. पण एकदा जाग आलेला माणूस मामांच्या उपयोगाचा राहत नाही. त्यांनी नाडी गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा येऊन पोट पुरं केलं.

त्यांची पद्धत ठरलेली. टेप ते वापरत नाहीत, कारण टेपचं टोक पत्र्याचं, गार, ते लागलं की माणूस दचकतो. म्हणून पायजम्याची कोरी नाडी. फळ्यावर रेघा मारायची शाळेतली जुनी लांब फूटपट्टी आधी पाठीखालून हलकेच पलीकडं काढायची, तिथं तिच्या टोकाला नाडी अडकवायची, मग पट्टी मागे ओढली की नाडी अंगाभोवती आपोआप येते. छातीला एक गाठ, पोटाला एक, कंबरेला एक. कुशीवर झोपलेल्याचं माप घ्यायचं नाही, तो उताणा होईपर्यंत थांबायचं. मग मामा शेजारी मांडी घालून थांबतात. त्या थांबण्यात त्यांना काय सुख आहे कोण जाणे, पण मी एकदा पापण्यांच्या फटीतून पाहिलंय, ते झोपलेल्या माणसाकडं असे बघत बसतात, जसं आपण पाळण्याकडं बघतो. रात्रीचं माप मात्र त्यांना मान्य नाही. "रात्री पोट रिकामं होत जातं," ते म्हणतात, "आणि माणूस काळजीनं झोपतो. दुपारी तो फक्त झोपतो."

या पद्धतीनं त्यांनी एकदा बार्शीला जी आफत ओढवून घेतली तिचा विषय घरात अजून निघतो. नात्यातलं लग्न होतं. जेवणावळी उठल्या, आणि कार्यालयाच्या वरच्या खोलीत गाद्यांवर सगळे वऱ्हाडी आडवे झाले. इतकी माणसं एका जागी उताणी पाहून मामांना राहवेना. त्यात वराचे वडील, गावाकडचे बागायतदार, पोट म्हणजे नुसता डोंगर. मामा मला म्हणाले, "असं भूरूप रोज मिळत नाही," आणि खिशातून नाडी व पिशवीतून पट्टी काढली. पट्टी पलीकडं गेली, नाडी आली, छातीची गाठ बसली. पोटाच्या गाठीला गृहस्थ जागे झाले. आपल्या अंगाभोवती दोरी आहे आणि एक अनोळखी माणूस ती आवळतोय, एवढंच त्यांना दिसलं. "आरं कोण हाय रं? बांधालाय व्हय मला?" अशी आरोळी ठोकून ते उठले, आणि खालच्या मजल्यावर मुलीकडच्यांनी वरबापाला कोंडलं अशी बातमी गेली. मिटवता मिटवता संध्याकाळ झाली. मामींनी त्या दिवशी मामांची बाजू घेतली नाही आणि सोडलीही नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांस्नी माप घ्यायची खोड हाय. घिऊन टाकू द्या, आनि काय." पण मजा पुढं आहे. महिन्याभरानं बार्शीला एक पार्सल गेलं, त्यात हिरव्या चौकडीचा जोड. आणि उन्हाळा संपायच्या आत गृहस्थांचा फोन आला, "मास्तर, आजून एक हुईल का?"

जोड शिवायचा म्हणजे तीन दिवसांचा सोहळा. पहिल्या दिवशी कापड बादलीत भिजत पडतं, कारण सुती कापड पहिल्या पाण्याला अंग चोरतं आणि ते चोरणं शिवायच्या आधी व्हायला पाहिजे. मामांनी पहिला जोड न भिजवता शिवला होता. धुतल्यावर तो आमच्या धाकट्या मेव्हण्याच्या मुलाला झाला. मग कापड गच्चीवर वाळतं. दुसऱ्या दिवशी बेतणं. हॉल झाडून पुसून कापड पसरायचं, आणि घरातल्या सगळ्यांनी पाय वर घेऊन पलंगावर नाहीतर खुर्चीवर बसायचं. शाळेतून निघताना मुलांनी दिलेली रंगीत खडूंची पेटी मामा उघडतात. डोंगर तपकिरी, नदी निळी, ही सवय हाताला इतकी, की बाही ते निळ्यानं आखतात आणि कॉलर तपकिरीनं. गुडघे टेकून, कापडावर ओणवं होऊन ते मोठ्यानं बोलत आखतात, "इथून पूर्वेला... आता इथं जरा दक्षिणेकडं उतार..." तिसऱ्या दिवशी मशीन.

त्या मशीनचा आवाज मी तुम्हाला कसा सांगू? पुण्याला माझ्या घरी भारी गादी आहे, एसी आहे, खिडक्यांना जाड पडदे आहेत, पण दुपारी झोप येत नाही. मामांकडं सतरंजीवर उशीही नसते, आणि आतल्या खोलीत ते पायमशीन एकदा सुरू झालं, की पापण्या आपोआप मिटतात. थोडं पळतं, थांबतं, पुन्हा पळतं. मध्येच मामांचं पुटपुटणं. खिडकीतून ओल्या पंच्याचा वास येतो. कुठं तरी लांब कुणाच्या तरी कारखान्यात माग चालू असतो, त्याचा ठोका आणि मशीनचा ठोका कधी एकत्र येतात, कधी चुकतात, आणि ते पुन्हा कधी एकत्र येतील याची वाट बघता बघता माणूस झोपेत उतरतो. अशा झोपेत मला नेहमी एकच स्वप्न पडायचं. मी त्या कापडावर चालतोय, निळ्या रेघेच्या कडेकडेनं, आणि ऊन आहे पण तापत नाही. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "बाहीवर चालत होता तुम्ही," ते म्हणाले.

शिवून झालं, की नाडी फेकायची नाही. मशीनजवळच्या खिडकीच्या गजांना सगळ्या नाड्या बांधलेल्या असतात. आमची ही, मी, मुलगी, मेव्हणे, शेजारपाजारी, बार्शीचे गृहस्थ, सगळं गणगोत तिथं लटकलेलं. संध्याकाळी वारा सुटला, की आम्ही सगळे हलतो. कुणाचं पोट सुटलं तर मामा पुढच्या उन्हाळ्यात गाठ सोडून थोडी पुढं सरकवतात, कुणी आजारातून उठलं तर मागं घेतात. माझी गाठ कधीच मागं आलेली नाही. मामींची नाडी तिथं नव्हती, त्या नऊवारीतून सहावारीत आल्या हेच खूप झालं असं म्हणायच्या. आणि मामांची स्वतःची नव्हती.

ही गंमत माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. सगळ्या घराला वाऱ्यात ठेवणारा हा माणूस स्वतः भर मे महिन्यात शाळेतल्या जुन्या सफारीत घामाघूम बसलेला असायचा. कारण सरळ होतं. जाग्या माणसाचं माप चालत नाही, आणि मामा दुपारी झोपत नाहीत. सगळे झोपले की त्यांचं काम सुरू. जुन्या शर्टावरून बेता म्हटलं, तर ते दुखावले. "स्वतःला सोडून सगळ्यांना नियम, असं कुठं असतंय की?" मी म्हटलं, तुम्ही झोपा, मी माप घेतो. त्यांनी प्रयत्न केला बिचाऱ्यांनी. डोळे मिटून पडले, हात पोटावर घेतले, आणि मी नाडी पुढं नेतोय तोवर मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "सैल धरा. अंगठा मध्ये घालू नका." असं दोनतीनदा झाल्यावर मी हात टेकले. त्यांनी स्वतःसाठी कापड मात्र घेऊन ठेवलं होतं. साखर पेठेतल्या एका तेलुगू विणकराकडून आणलेलं, आभाळी रंगाचं, त्यावर बारीक पांढरी चौकडी. भिजवून, वाळवून, इस्त्री करून कपाटात वरच्या खणात ठेवलेलं. आपल्या अंगावर आपल्या घरचा एक जोड असावा, तो घालून एकदा संध्याकाळी गच्चीवर उभं राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती ते कुणी विचारलं तरच सांगायचे.

यंदा चैत्रात आम्ही गेलो तेव्हा मशीनवर चादर टाकलेली होती. मामांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे ती नजर टिकवू, गेलेली परत यायची नाही, आणि आता सुईचं काम बंद. मामांनी मला पलंगावर शेजारी बसवलं आणि अगदी वर्गात सांगावं तसं सांगितलं, "नकाशाच्या कडा उडाल्या, जावईबापू. मधलं दिसतंय. सोलापूर दिसतंय. कोकण गेलं." मी हसलो, आणि हसल्याचं मला लगेच वाईट वाटलं, पण मामाही हसत होते. आभाळी कापड मामींनी कपाटातून काढून मशीनच्या चादरीवर ठेवलं होतं. मामांनी ते हातानं चाचपलं. "राहिलंच की हे," ते म्हणाले. मग गजापाशी जाऊन नाड्या एकेक करून बोटांत घेत बसले. गाठींवरून माणसं ओळखायची त्यांनी सवय लावून घेतली होती. माझी ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

त्या दुपारी घर इतकं गप्प होतं, की मला झोप लागेना. सतरंजीवर डोळ्यांवर पंचा टाकून मी पडून होतो, पण विरळ पंच्यातून सगळी खोली दिसत होती. मामा पलंगावर उताणे पडले होते, डोळे मिटलेले. काम नाही म्हणून आडवे झाले असावेत. एवढ्यात मामी आल्या. पायांतली जोडवी वाजू नयेत म्हणून पाऊल दाबून टाकत होत्या. एका हातात कोरी पांढरी नाडी होती आणि दुसऱ्या हातात शाळेतली फूटपट्टी. इतक्या वर्षांत मामींनी ना कधी मशीनला हात लावलेला, ना मापाला. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि थोडा वेळ मामांकडं नुसत्या बघत राहिल्या.

मामांच्या डाव्या पायाचा अंगठा हलत होता. मला ते सतरंजीवरून स्वच्छ दिसत होतं. झोपलेल्या माणसाचा अंगठा असा ताल धरून हलत नाही. मामींनी छातीला नाडी घेतली, गाठ मारली. मग पोटाच्या मापासाठी पट्टी पाठीखालून पलीकडं सरकली आणि तेव्हा मी जे पाहिलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. मामांनी पोट आत ओढलं! जाग्या माणसाला खोटा म्हणणारे, फोटोपुरत्या मापाची चेष्टा करणारे आमचे मामा, डोळे घट्ट मिटून, छाती वर काढून, कॉलेजातल्या पोरासारखे ताठ पडून राहिले. मामींनी गाठ मारायला घाई केली नाही. नाडी सारखी केली, पुन्हा सारखी केली. मामांचा चेहरा लाल व्हायला लागला तरी पोट काही सुटलं नाही. शेवटी गाठ बसली, मामी उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, आणि मामांनी सगळा श्वास एकदम सोडून वर एक घोरणं जोडून दिलं. मामा कधीच घोरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी चादर निघाली आणि मशीन सुरू झालं. हा आवाज वेगळा होता. मामांचं मशीन अडखळत चालायचं, हे लांब लांब पळत होतं, वळणावरही थांबत नव्हतं. मामा पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होते. "बाही लावाली," ते हळूच म्हणाले, कुणाला म्हणाले कोण जाणे. त्यानंतरचं मी ऐकलं नाही, कारण मला झोप लागली.

रविवारी जोड तयार झाला. चौकडी खिशावरसुद्धा अशी जुळवलेली, की खिसा शोधायला हात फिरवावा लागत होता. हाफ पँट वाऱ्यानं भरेल अशी ऐसपैस. मामांनी आत जाऊन जोड घातला आणि बाहेर आले. सगळं सुरेख, फक्त पोटावरची दोन बटणं काजापर्यंत पोचत नव्हती. सुती कापड तिथं ताणून दोन्ही बाजूंना ओढलं जात होतं. मामी तोंडाला पदर लावून भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मामांनी आरशाकडं पाहिलंच नाही. बोटांनी ती दोन बटणं चाचपली, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "माप अगदी बरोबर आहे." मग तिथं हात ठेवून, "हिथं खिडकी ठेवलीय वाटतं. सोलापुरात खिडकी लागतेच की." आणि ती दोन बटणं उघडी टाकून ते गच्चीवर गेले.

मी स्वयंपाकघरात मामींच्या मागे गेलो. चहाचं आधण ठेवत होत्या. मी म्हटलं, "मामी, शिवण तर तुमची एकदम सुंदर झालीय. पोटाला थोडं सैल बेतायचं होतं."

"मला काय कळत न्हाय व्हय?" मामी म्हणाल्या. "झोपले न्हवते ते. आंगटा हलवालते."

"तुम्हाला ठाऊक होतं? मग?"

मामींनी साखर टाकली, ढवळली. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "इतकी वर्सं संसार केला जावई, माज्यासमोर कवा पोट आत वडलं न्हाय ह्येनी. लग्नाच्या फोटूत बी न्हाय. त्या दिवशी वडलं. आता डोळं असं झाल्यावर वडलं." त्यांनी गाळणं खाली घेतलं. "मी काय ते वाया घालवू? जेवढं दावलं तेवढ्याचंच शिवलं."

चहा उतू गेला. मी कपडा शोधण्याचं निमित्त करून बाहेर आलो, कारण मला भरून आलं होतं आणि जावयानं स्वयंपाकघरात उभं राहून रडणं बरं दिसत नाही. गच्चीवर मामा कठड्याला टेकून उभे होते. वारा सुटला होता. आभाळी शर्ट मागून फुगला होता, समोरून दोन बटणं उघडी होती आणि त्यातून त्यांचं खरं पोट निवांतपणे बाहेर आलं होतं. मावळती त्यांच्या एका कडेला होती, आणि ते विचारत होते, सूर्य गेला की आहे अजून. मी सांगितलं, आहे.

आता मामा दुपारी खरंच झोपतात. मशीन मामी चालवतात, आणि शेजारपाजारचे जोड त्याच शिवतात, टेपनं, जाग्या माणसांची मापं घेऊन. मामांना ते पटत नाही. मी गेलो की सतरंजीवर पडतो, आणि मशीनच्या आवाजात डोळे मिटण्याआधी आतल्या खोलीच्या दारातून गजाकडं एकदा बघतो. आमच्या सगळ्यांच्या नाड्यांत आता एक नवी आहे. जाग आल्यावर कधी कधी मामा तिथं उभे दिसतात, ती नवी नाडी बोटांत धरून, पोटाच्या गाठीवर अंगठा ठेवून. ती गाठ चुकीच्या जागी आहे हे त्यांना माहीत आहे, मामींना माहीत आहे आणि मलाही. ती सरकवायचं आजवर कुणी काढलेलं नाही.